पाळण्यातल्या पायांची पैमाश

अमेरिकेच्या दक्षिण भागातील एखाद्या लहान गावी, सप्टेंबर महिन्यातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी, शाळेच्या मैदानावरील उंच खांबांचे दिवे लागले आणि निम्मे गाव बाकांवर येऊन बसले, म्हणजे त्या गर्दीत कधीकधी एक मनुष्य असा आढळतो की ज्याचे लक्ष गुणफलकाकडे मुळीच नसते. तो कुंपणापाशी उभा राहतो. पाहुण्या संघाची बस फाटकातून आत आली की तिच्यातून उतरणारी मुले एकेक करून न्याहाळतो. कोणाचे खांदे रुंद आहेत, कोणाचे मनगट जाड आहे, पायऱ्या उतरताना कोणाची पावले हलकी पडतात, याची मनाशी नोंद करतो. आणि चेंडू कोणी हातातही घेतलेला नसताना, एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाविषयी त्याचे अर्धे मत बनलेले असते. हा मनुष्य कोणत्या तरी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा साहाय्यक प्रशिक्षक असतो, आणि तो सामना पाहण्यास नव्हे, तर माणूस पारखण्यास आलेला असतो. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. परंतु ते पाय पाळण्यातच मोजून, त्यांची प्रतवारी लावून, त्या प्रतवारीवर कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार उभा करणे हा अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे, आणि त्याची रीत समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फुटबॉल म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, तो हा नव्हे. शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड कवचे घालून, लांबोळका चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिपक्षास अंगबळाने जमिनीवर पाडण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. व्यावसायिक संघांच्या महामंडळाचा नियम असा की शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्यावाचून कोणाही मुलाला तेथे प्रवेश नाही. आणि मधली ती वर्षे घालविण्याचे खरेखुरे ठिकाण एकच, ते म्हणजे विद्यापीठाचा संघ. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची अधिकृत आसनक्षमता १ लाख ७ हजारांच्या वर आहे आणि ते भरते. नामांकित प्रशिक्षकांचे वार्षिक वेतन १ कोटी डॉलरच्या घरात जाते. ज्या देशात शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या १० लाखांच्या आसपास आहे, तेथे पुढे कोणत्याही दर्जाच्या महाविद्यालयीन संघात पोहोचणारी मुले शंभरांत सुमारे सात, आणि सर्वोच्च श्रेणीत पोहोचणारी तिनांहूनही कमी. सर्वोच्च श्रेणीच्या वरच्या गटात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत व त्यांतील प्रत्येक जण साधारणपणे वीस-पंचवीस शाळकरी मुले दरसाल घेत आला आहे.

व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. ज्याची पाळी, त्याचा हक्क. विद्यापीठांत अशी वाटणी नाही. अलाबामाला हवा असलेला मुलगा जॉर्जियालाही हवा असतो, ओहायो स्टेटलाही हवा असतो, आणि शेवटी कोठे जायचे ते तो मुलगा व त्याचे आईबाप ठरवितात. म्हणून या कामाला दोन अंगे आली : पारख आणि मनधरणी. मनधरणीच्या सुरस आणि क्वचित लाजिरवाण्या कथा वृत्तपत्रांतून पुष्कळ येतात. पारखीचे अंग मात्र मूकपणे, दफ्तरांच्या बंद दारांआड चालते, आणि माझ्या मते विचार करण्याजोगे काही असेल तर ते तेथेच आहे.

पूर्वी प्रशिक्षक शाळाशाळांतून हिंडत आणि शाळांकडून टपालाने आलेल्या फिती पाहत बसत. २००६ साली नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी ‘हडल’ नावाची कंपनी निघाली, तिने शालेय सामन्यांचे चित्रण संगणकावर पाहण्याची व पाठविण्याची सोय केली, आणि पाहता पाहता देशातील बहुतेक शाळांचे सामने विद्यापीठांच्या पडद्यांवर येऊन दाखल झाले. आज मोठ्या विद्यापीठात केवळ या कामासाठी नेमलेला नोकरवर्ग असतो. त्यातील तरुण कर्मचारी प्रथम शेकडो मुलांची चित्रणे चाळून गाळणी करतात, उरलेली त्या त्या जागेच्या प्रशिक्षकाकडे जातात, आणि अखेरची थोडी नावे मुख्य प्रशिक्षकापुढे मंजुरीसाठी ठेवली जातात. मुलगा स्वतः जे निवडक क्षण जुळवून पाठवितो, त्यांवर जाणता परीक्षक फार विसंबत नाही; कारण निवडलेल्या वीस क्षणांत कोणीही शूर दिसतो. तो सबंध सामना मागवितो आणि चेंडू दुसऱ्या बाजूला असताना हा मुलगा काय करतो, संघ तीस गुणांनी मागे पडल्यावर त्याच्या धावण्यात फरक पडतो काय, आपटून पडल्यावर तो किती त्वरेने उठतो, हे पाहतो.

या पारखीचे मर्म एका गोष्टीत आहे, आणि ती ध्यानात आली नाही तर प्रतवारीच्या याद्या वाचून केवळ गोंधळ उडतो. परीक्षक मुलाच्या आजच्या पराक्रमाची किंमत करीत नसतो. आणखी तीन वर्षांनी, वीस-एकवीस वर्षांचा झाल्यावर, हाच देह आणि हेच मन काय करू शकेल याचा तो अजमास बांधीत असतो. आपल्याकडे सर्व्हेच्या काळी जमिनीचा कस आण्यांत मांडीत, तेव्हा कारकुनाने उभे पीक पाहून आकारणी करावयाची नसे. मातीचा रंग, तिची खोली, तिच्यातील चुनखडी पाहावयाची असे. तसेच हे आहे. शाळेच्या इतिहासात सर्वांत अधिक गुण मिळविणारा मुलगा यादीत खाली असतो आणि ज्याचे नाव वृत्तपत्रात एकदाच आले, तो वर असतो, याचे कारण हेच. त्यात प्रत्येक वेळी अन्याय असतोच असे नाही.

ऑफेन्सिव्ह टॅकलचे उदाहरण घ्यावे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्या चपळ आणि राक्षसी प्रतिस्पर्ध्याला अडविणे हे त्याचे काम. शाळेत ३०० पौंड वजनाचा जाडजूड मुलगा समोरच्या किरकोळ मुलांना केवळ वजनाने लोळवितो आणि गावाला तो अजिंक्य वाटतो. परंतु परीक्षकाची दृष्टी शेजारच्या २४० पौंडांच्या, साडेसहा फुटांच्या, काहीशा लुकड्या मुलावर स्थिरावते, कारण त्या मुलाचे हात लांब आहेत, घोटे व मनगटे मोठी आहेत, आणि त्या सांगाड्यावर साठ पौंड चांगले वजन चढण्यास जागा आहे. शेजारी उभे असलेले आईबाप किती उंच आहेत, हेही तो पाहून घेतो. तो मुलगा गुडघ्यांत वाकतो की कमरेत, हा प्रश्न तर या व्यवसायात रोज विचारला जातो; गुडघ्यांत वाकून पाठ ताठ ठेवणाऱ्याचा तोल टिकतो, कमरेत वाकणारा ढकलला जातो, आणि कमरेत वाकणाऱ्याला गुडघ्यांत वाकावयास शिकविणे कोणाही प्रशिक्षकाला सहसा साधत नाही. हिवाळ्यात हाच मुलगा बास्केटबॉल खेळत असेल तर त्याची पावले तेथे पाहतात. कुस्ती खेळत असेल तर परीक्षक मनोमन संतुष्ट होतो, कारण दुसऱ्याचे वजन आपल्या अंगावर पेलून त्याला हवे तिकडे वळविण्याची कला जशी कुस्तीच्या गादीवर येते, तशी अन्यत्र येत नाही. तालमीतल्या वस्तादाला हे सांगावे लागणार नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चेंडू झेलणाऱ्याचा पाठलाग करणारा कॉर्नरबॅक असतो. त्याच्या बाबतीत सर्व लक्ष कमरेच्या सांध्यावर. उलट्या पावलांनी मागे धावत असता अंग वळवून सरळ धावणे, आणि तेही एक पाऊल वाया न घालविता, हे ज्याला निसर्गतः येते त्याची उंची दोन इंच कमी असली तरी चालते. क्वार्टरबॅकची पारख सर्वांत दुर्घट. त्याच्या बाहूचे बळ, चेंडू हातातून सुटण्याची चपळाई, पावलांची शिस्त या गोष्टी दिसतात आणि मोजताही येतात. पण अडीच सेकंदांत समोरच्या अकरा जणांच्या हालचालींतून एक अर्थ काढून, अंगावर माणूस येत असताना न डगमगता, योग्य जागी चेंडू सोडणे ही क्रिया डोक्याच्या आत घडते, आणि शाळेच्या सामन्यांत, जेथे आपला एक साथीदार इतरांपेक्षा सहजच वेगवान असतो, तेथे तिची कसोटी लागत नाही. मोठमोठ्या प्रशिक्षकांचे अंदाज ज्या जागेविषयी सर्वांत अधिक चुकले, ती जागा हीच.

मोजमापाचा दुसरा दरबार उन्हाळ्यात भरतो. विद्यापीठे आणि कंपन्या शिबिरे भरवितात, मुले शेकडो मैलांवरून येतात, आणि तेथे टेप लावून उंची मोजली की शाळेच्या पत्रकातील सहा फूट तीन इंच बहुधा सहा फूट दीड इंचावर उतरतात. वजन, पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, पंजाची रुंदी, जागच्या जागी उभी उडी, पाच-दहा-पाच यार्डांची दिशा बदलीत केलेली धाव, आणि या सर्वांवर राज्य करणारी चाळीस यार्डांची धाव. चाळीस यार्ड म्हणजे सुमारे ३७ मीटर; क्लीव्हलंडचे प्रख्यात प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हे अंतर रूढ केले, आणि लाथाडून दूर उडविलेल्या चेंडूखाली पोहोचण्यास खेळाडूला साधारण तेवढे धावावे लागते म्हणून ते निवडले, असे मानले जाते. हातातील घड्याळाने घेतलेली वेळ विजेच्या यंत्राने घेतलेल्या वेळेपेक्षा सेकंदाच्या दोन-दशांशापर्यंत कमी भरते, आणि याच दोन-दशांशावर एखाद्याचे भवितव्य फिरते. म्हणून शहाणे परीक्षक आता शिबिरातील चाळीस यार्डांपेक्षा शाळेच्या धावपटू संघातील १०० मीटरच्या यंत्रनोंदीवर अधिक विश्वास ठेवतात, कारण तेथे पंच त्रयस्थ असतो आणि निकाल दप्तरी दाखल होतो.

आकड्यांनी मिळत नाही ते मिळविण्यासाठी प्रशिक्षक शाळेत जातो. मुख्याध्यापक आणि शाळेचा प्रशिक्षक मुलाविषयी चांगलेच बोलणार, हे तो जाणतो. म्हणून तो गणिताच्या शिक्षिकेला भेटतो, भोजनगृहात वाढणाऱ्या बाईंशी दोन शब्द बोलतो, झाडलोट करणाऱ्याला विचारतो की हा मुलगा तुम्हाला नावाने हाक मारतो काय. अभ्यासाचा दाखला तर नियमानेच लागतो : सर्वोच्च श्रेणीत पहिल्याच वर्षी खेळावयाचे तर ठरलेले १६ मूलभूत पाठ्यक्रम पुरे झालेले असावे लागतात आणि त्यांतील सरासरी ४ पैकी निदान २.३ असावी लागते. ती नसली, तर चाळीस यार्डांची धाव कितीही वेगवान असो, त्या मुलाचे नाव फळ्यावर चढत नाही.

फळा हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. प्रत्येक विद्यापीठात एका बंद खोलीत जागानिहाय फेरिस्त लावलेली असते, आणि तिच्यातील क्रम दर आठवड्याला बदलतो. अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन, ज्यांनी २००७ ते २०२३ या काळात त्या विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, त्यांनी प्रत्येक जागेसाठी उंची, वजन आणि वेग यांचे किमान मान ठरवून ठेवलेले होते; १९९१ ते १९९४ पर्यंत क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या हाताखाली काम करताना जी शिस्तबद्ध श्रेणीपद्धती त्यांनी पाहिली, तीच त्यांनी पुढे विद्यापीठात आणली. नियमाला अपवाद करता येतो, पण अपवादांचा संघ उभा करू नये, हा त्यामागील विचार. सेबन यांच्या उद्योगशीलतेचा एक परिणाम असा झाला की २००८ पासून वसंत ऋतूच्या पाहणीकाळात मुख्य प्रशिक्षकांनी शाळांना भेटी देण्यावरच बंदी आली, आणि तो नियम लोकांत त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. भेटी केव्हा घ्याव्या, दूरध्वनी केव्हा करावा, केव्हा मौन पाळावे, यांचा सबंध वर्षाचा जाबता महाविद्यालयीन क्रीडामंडळाने घालून दिलेला आहे.

येथे थोडे मागे जाऊन एका भारतीय मनुष्याची आठवण करणे मला अगत्याचे वाटते. १९६०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी डॅलस येथील व्यावसायिक संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी निकाल हिशेबणारी संगणकयंत्रे पाहिली आणि त्यांच्या मनात आले की खेळाडूंची पारखही या यंत्राकडून का करून घेऊ नये. आयबीएमशी संबंधित संस्थेतील ज्या संख्याशास्त्रज्ञाकडे हे काम आले, त्याचे नाव सलाम कुरेशी. भारतातून तेथे गेलेल्या या गृहस्थाला क्रिकेट माहीत होते. अमेरिकन फुटबॉलचा त्याला गंध नव्हता. परंतु त्यामुळेच असेल, त्याला अडचणीचे मूळ दिसले : एक परीक्षक ज्याला ‘चपळ’ म्हणतो त्याला दुसरा ‘बरा’ म्हणतो, आणि यंत्राला विशेषणे समजत नाहीत. पुष्कळ चर्चेअंती असंख्य गुणांतून पाच निवडले गेले, ते म्हणजे चारित्र्य, चपळता व अंगावरील ताबा, स्पर्धावृत्ती, बुद्धीची जागरूकता, आणि बळ व स्फोटकता. आणि प्रत्येकासाठी परीक्षकाने विशेषणाऐवजी ठरलेल्या मापावर आकडा मांडावा, असे ठरले. हे काम व्यावसायिक संघासाठी झाले, शाळकरी मुलांसाठी नव्हे; पण माणसाच्या पारखीचे शब्द अंकांत बदलण्याची जी वाट तेथे पडली, तिच्यावरूनच पुढे सगळे चालत आले, आणि ती पाडणाऱ्यांत आपल्या देशातील एक मनुष्य होता, ही गोष्ट येथे फारशी कोणाला ठाऊक नाही.

आता लोकांपुढे येणाऱ्या याद्यांकडे वळू, कारण ‘पंचतारांकित’ हा शब्द तेथूनच आला. शिकागोकडचे टॉम लेमिंग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मोटार घेऊन देशभर फिरावे, मुलांना प्रत्यक्ष भेटावे, फिती पाहाव्या आणि आपले मत छापून प्रशिक्षकांना व शौकिनांना विकावे, असा एकट्याचा उद्योग आरंभिला. मायकेल लुइस यांच्या २००६ सालच्या ‘द ब्लाइंड साइड’ या पुस्तकात त्यांच्या मुलूखगिरीचे वर्णन आले आहे. इंटरनेट आल्यावर या एकांड्या उद्योगाची पेढी झाली. ‘रायव्हल्स’, ‘ट्वेंटीफोरसेव्हन स्पोर्ट्स’, ‘ईएसपीएन’, ‘ऑनथ्री’ अशा संस्था या कामात उतरल्या, त्यांनी प्रांतोप्रांती आपले बातमीदार व परीक्षक नेमले, आणि हजारो मुलांच्या नावांपुढे दोनपासून पाचपर्यंत तारे उमटू लागले. ‘ट्वेंटीफोरसेव्हन’ दरसाल सुमारे ३२ मुलांना पाच तारे देते. हा आकडा मनास येईल तसा घेतलेला नाही, व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात म्हणून तो घेतला आहे. म्हणजे पाच तारे याचा अर्थ, ‘हा मुलगा पुढे पहिल्या फेरीत निवडला जाण्याच्या योग्यतेचा आम्हास वाटतो,’ एवढाच. त्याने शाळेत काय केले याचे ते पदक नव्हे. त्याच्याखाली चार ताऱ्यांची काही शे मुले आणि तीन ताऱ्यांची हजारोंनी मोजावी अशी मुले येतात. निरनिराळ्या संस्थांच्या मतांची सरासरी काढून एक संयुक्त यादीही करतात, आणि विद्यापीठाने भरती केलेल्या मुलांचे गुण मिळवून त्या विद्यापीठाचाही क्रम लावतात. त्या बेरजेत सर्वोत्तम मुलांना अधिक भार आणि तळाच्या मुलांना नाममात्र भार देणारे सूत्र वापरतात, जेणेकरून नुसत्या संख्येवर कोणी वर चढू नये.

या याद्यांत एक दोष आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. बातमीदार परीक्षकाला ठाऊक असते की अमुक मुलाला अलाबामाने व जॉर्जियाने शिष्यवृत्ती देऊ केली आहे. इतके जाणते प्रशिक्षक ज्याच्या मागे आहेत त्यात काही असलेच पाहिजे, असे मानून तो एक तारा वाढवितो. आणि तो तारा पाहून तिसरे विद्यापीठ त्या मुलाकडे धाव घेते. साक्षीदाराने न्यायाधीशाचे ऐकून साक्ष द्यावी आणि न्यायाधीशाने त्या साक्षीवर निकाल द्यावा, तसा हा प्रकार होतो. उलट, ज्याच्या गावाला परीक्षकाची मोटार कधी पोहोचलीच नाही, त्याला तारे कोण देणार? फ्लॉरिडातील आयएमजी अकादमी किंवा कॅलिफोर्नियातील मेटर डे अशा ख्यातनाम शाळांत एकाच सामन्यात दहा-वीस नामांकित मुले पाहावयास मिळतात. पश्चिम टेक्ससमधील ओसाड मुलखात, जेथे मुलांच्या अभावी सहा-सहा जणांचे संघ करून खेळतात, तेथे कोण जाणार?

मग हे तारे खरे बोलतात की खोटे? याविषयी वाद घालणारे दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने खरे आकडे देतात, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ढोबळमानाने पाहिले तर पाच ताऱ्यांच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे व्यावसायिक संघांकडून निवडली जातात, चार ताऱ्यांच्या मुलांपैकी पाचांत एकाच्या जवळपास, आणि तीन ताऱ्यांच्या मुलांपैकी दहांत एकाहूनही कमी. यावरून ताऱ्यांत तथ्य आहे हे उघड आहे. परंतु ३२ चे निम्मे सोळा. आणि तीन ताऱ्यांची मुले समजा दोन हजार असली व त्यांतील शंभरांत सहाच निवडली गेली, तरी ती १२० होतात. म्हणून व्यावसायिक संघांत शोध घेतला तर एके काळी तीन तारे असलेलीच माणसे अधिक सापडतात, आणि लोक म्हणू लागतात की तारे निरर्थक आहेत. तसे नाही. तारा हा समूहाविषयीचा अंदाज आहे, व्यक्तीविषयीचा निर्णय नव्हे; आणि या सबंध व्यवसायाविरुद्ध माझी तक्रार असेल तर ती हीच, की समूहाविषयीचा हा अंदाज एका सतरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे, त्याच्या छायाचित्राखाली, त्याच्या वर्गातील सर्वांना दिसेल असा, निर्णयाच्या थाटात छापला जातो. विमा कंपनीदेखील आपल्या कोष्टकातील आयुर्मर्यादा कोणाच्या कपाळावर लिहीत नाही.

समूहाच्या बाबतीत या अंदाजाचे बळ किती होते, हे क्रीडालेखक बड एलियट यांनी दाखवून दिले. लागोपाठच्या चार वर्षांच्या भरतीत ज्या विद्यापीठाने घेतलेल्या शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच ताऱ्यांची असतील, तेच विद्यापीठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवू शकते, असा त्यांचा सिद्धान्त. आणि इंटरनेटवरील प्रतवारी स्थिर झाल्यापासून वर्षामागून वर्ष तो खरा ठरत गेला.

व्यक्तीच्या बाबतीत मात्र हा अंदाज किती दुबळा आहे, याला जोश ॲलन साक्षी आहे. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतकरी गावचा हा मुलगा शाळा सुटताना इतका किरकोळ होता की सर्वोच्च श्रेणीतील एकाही विद्यापीठाने त्याला विचारले नाही. तो रीडली येथील दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तेथे त्याचे अंग भरले, उंची साडेसहा फुटांकडे झुकली, आणि त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठविण्याचा सपाटा लावला. अखेर वायोमिंगने त्याला जागा दिली. २०१८ साली तो व्यावसायिक निवडीत सातव्या क्रमांकावर गेला आणि २०२४च्या हंगामातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. विस्कॉन्सिनचा जे. जे. वॉट हा दोन ताऱ्यांचा मुलगा. पहिले विद्यापीठ सोडून तो शिष्यवृत्तीवाचून आपल्या राज्याच्या विद्यापीठात दाखल झाला, जागा बदलून बचावफळीत गेला, आणि पुढे २०१२, २०१४ व २०१५ या तिन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवडला गेला. या दोघांच्या बाबतीत परीक्षक आळशी होते असे नाही. उशिरा येणारी वाढ सतराव्या वर्षी दिसत नाही, जागेचा बदल चित्रणात दिसत नाही, आणि नकार मिळाल्यावर माणूस काय करतो, हे नकार मिळाल्यावाचून कळत नाही.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाचा पायाच हलला आहे. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्यावरील एक वर्ष बाहेर बसण्याची अटही उठली, आणि २०१८ साली सुरू झालेले ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाचे नोंदणीदफ्तर गजबजून गेले. १९६४ पासून चालत आलेले राष्ट्रीय हमीपत्र, ज्यावर फेब्रुवारीतल्या बुधवारी मुले समारंभाने सही करीत, ते २०२४ साली रद्द झाले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्तींची ८५ ही मर्यादा जाऊन ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत १०५ जणांच्या संघाची मर्यादा आली, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंना थेट वाटण्याची परवानगी मिळाली. इतकी वर्षे ज्यांच्या श्रमावर लाखाची मैदाने भरली, त्यांना वाटा मिळाला हे न्याय्यच झाले, याविषयी मला शंका नाही. परंतु त्याचा भार कोठे पडला, तेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षे खेळून सिद्ध झालेला बावीस वर्षांचा मनुष्य जर पैसे देऊन मिळतो, तर सतरा वर्षांच्या मुलाच्या मनगटाकडे पाहून तीन वर्षे वाट पाहण्याचा धीर प्रशिक्षकाने का धरावा? पाच ताऱ्यांच्या मुलाला यामुळे काही उणे पडत नाही. उलट त्याची किंमत वाढते. जागा आटतात त्या तीन ताऱ्यांच्या, उशिरा वाढणाऱ्या, लहान गावच्या मुलाच्या. तो आता आधी लहान विद्यापीठात जातो आणि तेथे स्वतःला सिद्ध करून मग वर येतो. प्रतवारीच्या संस्थांनीही ही नवी रीत ओळखून विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंच्या निराळ्या याद्या व निराळे तारे सुरू केले आहेत.

अशाच वाटेने वर आलेल्या एकाची हकीकत ताजी आहे. मायामीच्या कोलंबस शाळेतील फर्नांडो मेंडोझा या क्वार्टरबॅकच्या नावापुढे शाळा सुटताना दोन-तीनच तारे होते. फुटबॉलच्या थोरवीसाठी नव्हे तर विद्वत्तेसाठी प्रसिद्ध असलेल्या येल विद्यापीठात जाण्याचे त्याने ठरविले होते, इतक्यात कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने उशिरा बोलावणे धाडले म्हणून तो तिकडे गेला, आणि तेथून २०२५च्या हंगामासाठी इंडियाना विद्यापीठात आला. सर्वाधिक पराभवांची नोंद दीर्घकाळ ज्याच्या नावावर होती ते हे विद्यापीठ. त्याच्या संघातील चार-पाच ताऱ्यांच्या मुलांचे प्रमाण एलियट यांच्या निम्म्याच्या आसपासही पोहोचत नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंचा सर्वोच्च सन्मान असलेला हाइझमन चषक मेंडोझाला मिळाला. जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. अंतिम सामना मायामीच्या विद्यापीठाविरुद्ध होता, आणि तो मेंडोझाच्या शाळेपासून काही मैलांवरच्या मैदानावर खेळला गेला.